राक्षसाच्या प्रेमात पडलेल्यांनी इथे लिहा (गोड गोष्टींपुरतं)

गेल्या आठवड्यात रात्री दीडपर्यंत जागून एक छोटं इंग्रजी पुस्तक संपवलं. सात फुटी हिरवा ऑर्क आणि गावात नवी बेकरी टाकलेली बाई. ऑर्क म्हणजे ते खालचे दोन सुळे ओठाबाहेर आलेले असतात ते. मारामारी नाही, शाप नाही, जगबिग वाचवायचं नाही. तर तो तिच्याकडे पहिल्यांदा चहाला येतो, कप सुळ्यांना अडतो, चहा अंगावर सांडतो, मग तो कप हळूच खाली ठेवतो आणि म्हणतो मला तशी तहान नव्हतीच. दुसऱ्या दिवशी ती त्याच्यासमोर पसरट बशी ठेवते, बोलत काहीच नाही. मी तिथे रडले हो! वय ४३, बँकेत नोकरी, मुलगा बारावीला आणि मी एका ऑर्कने बशीतून चहा प्यायला म्हणून उशीत तोंड खुपसून रडतेय. आमचे आजोबा बशीत ओतून फुर्र करून प्यायचे, त्याचाही हात असेल.

तर माणूस आणि भूत, राक्षस, जे काय असेल ते, असं गोड वाचून तुमचं काय झालं ते लिहा. हसायचं तर स्वतःवर हसा, दुसऱ्याच्या आवडीवर नको.

*

पुरुषांनी लिहिलं तर चालेल ना? बायकोचं आणि माझं किंडलचं खातं एकच आहे, त्यामुळे तिची पुस्तकं माझ्याकडे आपोआप दिसतात. एकदा कव्हरवर उघडाबंब पंखवाला बघून चेष्टा करायला म्हणून उघडलं ते सकाळी साडेपाचला खाली ठेवलं. देवळाच्या नव्हे, चर्चच्या छपरावरचा दगडी गार्गॉइल, दिवसा दगड आणि रात्री जिवंत, आणि ती दिवसा कामाला जाणारी. ती सकाळी निघताना त्याच्या दगडी मुठीत चिठ्ठी खोचून जायची. आता माझी कायमची नाइट शिफ्ट आणि बायकोची सकाळची शाळा, म्हणजे दिवसा घरात दगड मीच! दुसऱ्या दिवशी झोपायच्या आधी फ्रिजवर चिठ्ठी लावली. संध्याकाळी उठलो तर तिचा पहिला प्रश्न, दूध संपलंय का? असो. चिठ्ठ्या चालू आहेत, चार महिने झाले.

*

मी निवृत्त शिक्षिका, ६८. नातीने हा प्रकार दाखवला तेव्हा म्हटलं अगं यात नवीन काय, आपली हिडिंबा आहे की. लाक्षागृहातून निसटून पांडव रानात झोपलेत, एकटा भीम पहाऱ्याला जागा, भावाने हिला पाठवलंय यांना मारून आण म्हणून आणि ही त्याला बघून जागीच विरघळली. नात म्हणे आजी आता स्लो बर्न लागतं, म्हणजे हळूहळू फुलणारं प्रेम, म्हटलं हिडिंबेला तेवढा वेळ नव्हता, भाऊ उपाशी बसला होता. मला त्यातलं ते फार आवडतं की कुंतीसमोर उभं राहून ती सरळ सांगते, मला हा नवरा हवा. मग ठरतं की दिवसभर भीम तिच्याबरोबर फिरणार आणि रात्री आईभावांकडे परत, तेही मूल होईपर्यंतच. मनालीला तिचं देवदारांमधलं लाकडी देऊळ आहे, १५५३ सालचं, तिथे मी उगाचच जास्त वेळ बसले होते. एकच खटकतं, ती भीमासमोर येताना सुंदर बाईचं रूप घेऊन येते. तशीच आली असती तर?

*

ताई, अगदी हेच लिहायला आले होते. ब्यूटी अँड द बीस्टमध्ये शेवटी तो राजपुत्र होतो तिथे मला दर वेळी फसवल्यासारखं वाटतं. १७४० ला व्हिलनव्ह बाईंनी ती लांबलचक लिहिली, १७५६ ला बोमाँ बाईंनी मुलींना शिकवण्यासाठी छोटी केली, दोघींनीही शेवटी केस काढून गोरागोमटा करूनच दिला. अगं तिचा जीव जडला तो केसाळ होता ना! हल्लीच्या पुस्तकांत तो शेवटपर्यंत शिंगं घेऊन राहतो, मी म्हणूनच वाचते.

*

मला हा प्रकार झेपला नाही. तीन वाचली, तिन्हीत हिरो दोनशे वर्षांचा आणि स्वयंपाकात एक्स्पर्ट. माणसाने केलं तर खोटं वाटेल म्हणून राक्षसाला करायला लावतात अशी माझी शंका आहे.

*

थोडं गंभीर लिहिते. विजयदान देथांची दुविधा ही राजस्थानी कथा वाचली, तिच्यावरच अमोल पालेकरांनी २००५ ला पहेली सिनेमा केला. भूत नवऱ्याचं रूप घेऊन येतं, पण तिच्या जवळ जाण्याआधी खरं सांगतं की मी तो नाही, आता तू ठरव. कर्नाडांच्या नागमंडलमध्ये नाग नवरा होऊन येतो आणि राणीला सांगतच नाही. नाटक म्हणून ते मोठंच आहे, पण प्रेमकथा म्हणून मला भूत जवळचं. माझं लग्न ठरताना माझ्यापासून एक आजारपण लपवलं होतं, त्यामुळे असेल, पण त्या ‘मी तो नाही’पाशी मी पुस्तक मिटून गॅलरीत जाऊन उभी राहिले होते.

*

बशीवाल्या ताईंना: आमच्या वेंगुर्ल्याकडे आरवलीच्या वेतोबाला, म्हणजे गावच्या राखणदार देवाला, चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात. रात्री तो गावाची राखण करत हिंडतो, म्हणून त्या झिजतात असं लहानपणी ऐकलेलं. केळ्यांचे घडही वाहतात. देवाला रोमान्समध्ये ओढत नाही हां, मार पडेल! पण तुमची बशी वाचून ते चपलांचं माप आठवलं. कुणीतरी बसून एवढा मोठा चपलेचा तळ कापलेला असतो.

*

मी स्वतः मराठीत लिहायला घेतलंय, हसू नका. मुंजा बाद, तो बिचारा लहान मुलगा. म्हणून नायिका हडळ आणि तो एसटीचा कंडक्टर, मुक्कामी गाडीवाला, शेवटच्या गावी देवळात झोपणारा. तिचे पाय उलटे, त्यामुळे सकाळी मातीतली पावलं बघून त्याला वाटतं ती निघून गेली, खरं तर ती आलेली असते. इथपर्यंत भराभर झालं. आता पगाराच्या दिवशी तो तिला चपला घेतो आणि मी तिथेच दोन आठवडे अडकलेय, कारण उलट्या पायाला अंगठा कुठे येणार आणि पट्टा कुठे, कागदावर काढून बघितलं तरी डावी-उजवीचा घोळ होतोय. वेंगुर्लेकर, तुमच्याकडच्या त्या चपला करणाऱ्यांना विचारून सांगता का?