मॅककँडलेसने पैसा आणि समाज सोडून जे मिळवले, ते स्वातंत्र्य होते का?

रानवाट (धागाकर्ता):
अटलांटातील एमरी विद्यापीठातून १९९० साली पदवी घेतल्यावर क्रिस मॅककँडलेस या अमेरिकन तरुणाने शिलकीचे सुमारे २४,००० डॉलर ऑक्सफॅम या संस्थेला दिले, घरच्यांशी संबंध तोडले, मोटार अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात सोडली आणि खिशात उरलेल्या नोटा जाळल्या. एप्रिल १९९२ मध्ये तो अलास्कातील हीली गावाजवळच्या स्टॅम्पीड वाटेने रानात शिरला आणि तेथे पडून असलेल्या १४२ क्रमांकाच्या जुन्या बसमध्ये राहू लागला. सप्टेंबरमध्ये शिकाऱ्यांना त्याचा मृतदेह सापडला. वजन जेमतेम ३० किलो उरले होते.

या शेवटामुळे त्याला मूर्ख ठरवणारे पुष्कळ आहेत, पण त्यागाचे मोल मृत्यूवरून ठरवणे मला अन्यायाचे वाटते. पैशाने माणूस बांधला जातो असे आपण सगळेच म्हणतो. हाती असलेली रक्कम देऊन टाकून, दक्षिण डकोटातील कार्थेज गावी धान्याच्या कोठारात अंगमेहनत करून पोट भरणारा मात्र विरळा. त्याने आपल्या बोलण्याप्रमाणे जगून दाखवले, आणि ते मला स्वातंत्र्यच वाटते.

उंबरठा:
दानाबद्दल दुमत नाही. माझा आक्षेप रान म्हणजे कोणाचीही नसलेली, रिकामी जागा असे मानण्याला आहे. ज्या वाटेने तो गेला ती माणसांनीच काढलेली होती आणि ती बस १९६१ च्या सुमारास रस्त्याच्या कामावरील मजुरांना राहण्यासाठी तेथे ओढून आणलेली होती. म्हणजे समाज सोडून निघालेल्याच्या डोक्यावरचे छप्परही समाजानेच ठेवलेले होते. त्या मुलखातील अथाबास्कन लोक पिढ्यान्‌पिढ्या रानाच्या आधाराने जगत आले, पण एकेकटे नव्हे, कारण मासे केव्हा येतात आणि मांस कसे टिकवायचे हे ज्ञान माणसांमाणसांतूनच पुढे जाते. मॅककँडलेसने जूनमध्ये मूस हा हरणाच्या कुळातील प्रचंड प्राणी मारला आणि दक्षिण डकोटातील शिकाऱ्यांनी सांगितल्याप्रमाणे मांसाला धुरी देऊ पाहिली. अलास्कात ते पातळ कापून वाऱ्यावर वाळवतात. बहुतेक मांस किडले. अज्ञानातून आलेल्या उपासमारीला स्वातंत्र्य म्हणणे मला पटत नाही.

काठावरचा:
त्या बसच्या ओढीने गेलेल्या दोन तरुणी, एक २०१० मध्ये आणि दुसरी २०१९ मध्ये, वाटेतल्या तेकलानिका नदीत प्राणास मुकल्या. अनेकांना सोडवून आणावे लागले. अखेर जून २०२० मध्ये हेलिकॉप्टरने बस उचलून नेली. या मृत्यूंचा दोष मी त्याला देत नाही, पण त्याचा गौरव करणाऱ्यांनी ते नजरेआड करू नयेत.

देहूकर:
आपल्याकडे तुकोबांनी सावकारीची कर्जखते इंद्रायणीत बुडवली, तीही धाकट्या भावाचा वाटा त्याला देऊन केवळ आपल्या वाट्याची, असे परंपरा सांगते. त्यामुळे ऋणको मोकळे झाले. भंडारा डोंगरावर एकांत घेणारे तुकोबा कीर्तनासाठी लोकांतच उभे राहिले. नोटा जाळल्याने कोण मोकळे झाले?

रानवाट:
जाळल्या त्या किरकोळ नोटा होत्या. मोठी रक्कम भुकेल्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेला गेली, हे विसरू नये. शिवाय जुलैच्या आरंभी तो परत निघाला होता. एप्रिलमध्ये सहज ओलांडलेली तेकलानिका आता हिमनदीच्या वितळलेल्या पाण्याने फुगली होती, म्हणून तो बसकडे मागे फिरला. थोड्याच अंतरावर तारेवरच्या पाळण्यातून पलीकडे जाण्याची सोय होती, पण तपशीलवार नकाशा जवळ नसल्याने त्याला ती ठाऊक नव्हती. आनंद वाटून घेतला तरच खरा, अशा अर्थाची नोंद त्याने वाचत असलेल्या पुस्तकाच्या पानावर केली होती. ज्ञानाबाबत उंबरठा यांचे म्हणणे मला मान्य आहे. पण नकाशा न घेणे ही चूक होती म्हणून पैसा सोडणेही चूक ठरत नाही.

उंबरठा:
पैसा सोडण्याला माझा विरोध नव्हताच. वाटेत भेटलेल्या मित्रांना तो पत्रे पाठवत होता, आणि आईवडिलांना मात्र तो कोठे आहे हे दोन वर्षे कळले नाही; कळले ते त्याच्या मृत्यूनंतर. त्यांना जिवंत असल्याची एक ओळ लिहिल्याने त्याचे स्वातंत्र्य कोठे उणे झाले असते, याचे उत्तर आपल्या प्रतिसादात मला सापडले नाही.