मदत हवी आहे: स्टीलच्या कारंजे-शिल्पावर पांढरे थर, वेल्डजवळ गंज

पुण्यात आमच्या सोसायटीच्या बागेत आठ फुटी स्टेनलेस स्टीलचं शिल्प आहे, आरशासारखं पॉलिश केलेलं. माथ्यावरून पाण्याचा पातळ पडदा उतरतो, खालच्या टाकीत पडतो आणि पंपाने परत वर जातो. (अमेरिकेतल्या शार्लटमधलं, शिल्पकार डेव्हिड चेर्नीचं 'मेटलमॉर्फोसिस', तोंडातून पाणी सोडणारं ते फिरतं डोकं, त्याचे फोटो पाहून कमिटीला ही हौस आली.)

दीड वर्षात आरसा गेला. पाणी बोअरचं, टीडीएस (विरघळलेले क्षार) ९०० च्या आसपास. जिथे पडदा तुटतो तिथे पांढरे ओघळ, आणि वेल्डच्या कडेला तपकिरी ठिपके. बिलावर स्टीलचा ग्रेड ३०४ लिहिलाय, गंजाला जास्त टिकणारा ३१६ नाही. शेवाळ होऊ नये म्हणून माळी टाकीत क्लोरीनच्या गोळ्या टाकायचा. त्यातून येणाऱ्या क्लोराइडने ३०४ ला खड्डे पडतात हे कळल्यावर त्या बंद केल्या.

सायट्रिक अ‍ॅसिडच्या कोमट पाण्याने ओघळ निघतात, पण पंधरा दिवसांत परत. प्लंबरने हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड सुचवलं, त्याला हात जोडले. तारेची घासणीही वापरलेली नाही. सॉफ्टनरने चुना थांबेल, पण क्लोराइड तसंच राहील, म्हणून तो घेतला नाही.

शिल्प काँक्रीटमध्ये बसवलंय, कारखान्यात नेता येणार नाही. शेजारी मुलांचं खेळायचं मैदान आहे. टाकी ६०० लिटरची, त्यामुळे आरओचं पाणी भरणं परवडेल.

तर जागेवरच, पॉलिश न घालवता, वेल्डचं पिकलिंग-पॅसिव्हेशन (अ‍ॅसिडने गंज-डाग काढून स्टीलचा संरक्षक थर परत आणणं) करता येतं का? आणि आरओचं पाणी भरलं तरी बाष्पीभवनाने क्षार वाढणारच, मग टाकी किती टीडीएसला रिकामी करायची?