मदत हवी आहे : आंब्याच्या वेबसाइटसाठी वर्डप्रेस घ्यावं, शॉपिफाय की आणखी काही?

नमस्कार मंडळी,

जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आमची देवगड तालुक्यात हापूसची बाग आहे. नाना आणि दादा बाग बघतात, मी ठाण्याला असते, ऑर्डरी, हिशेब आणि पेट्या पोचवणं इथून बघते. पूर्वी सगळा माल वाशीला जायचा, आता निम्म्याहून जास्त थेट गिऱ्हाइकाकडे जातो. वेबसाइट होती. होती म्हणतेय कारण आता नाहीये. ओळखीतल्या एकाने ६-७ वर्षांपूर्वी करून दिलेली, आतलं पॅनल त्याने स्वतःच लिहिलेलं, त्यामुळे भाव बदलायचा तर त्यालाच फोन करायचा. आता मार्चमध्ये पेटीचा जो भाव असतो तो एप्रिल संपता संपता पार निम्म्यावर येतो, मधे दर दोन-तीन दिवसांनी बदलतो, आणि हा माणूस फोन उचलेपर्यंत चार जणांनी जुना भाव बघून पैसे पाठवलेले असायचे, मग त्यांना फोन करा, समजवा, फरक परत करा. पुढे त्याने ते काम सोडलं, डोमेन (साइटचं नाव-पत्ता) त्याच्या ईमेलवर, रिन्यू झालंच नाही, साइट बंद. फोटो, लोकांचे अभिप्राय, नानांनी बागेबद्दल लिहिलेलं पान, सगळं गेलं. नानांना फार लागलं ते, कारण पेट्यांवर त्या साइटचं नाव छापलेलं आहे.

आता या सीझनच्या आधी नवीन करायचीय आणि यावेळी सीएमएस, म्हणजे साइटवरचा मजकूर आपला आपण बदलता येतो ते सॉफ्टवेअर, नीट निवडायचंय. मुख्य म्हणजे भाव आणि 'आज किती पेट्या तयार' हे वहिनी बदलणार आहे, मी नाही. ती माच्यावर बसून आढीतले आंबे निवडत असते, हाताला चीक लागलेला, फोन चालवते तो करंगळीने, आणि घरात रेंज नाही, सड्यावर चढून गेलं की दोन कांड्या येतात. म्हणजे जे काही असेल ते फोनवरून, मराठीतून, कमी नेटवर आणि चार टिचक्यांत झालं पाहिजे. लॅपटॉप उघडून करायचं असेल तर ते होणार नाही हे मला पक्कं माहितीय.

माझं वाचून झालेलं असं. विक्स दिसायला छान आणि सोपं वाटलं, पण तिथे केलेली साइट उचलून दुसऱ्या होस्टिंगवर (साइट ठेवायची भाड्याची जागा) नेता येत नाही म्हणे, आणि एकदा हात पोळल्यावर मला ते नकोच आहे. शॉपिफायवर दुकान पटकन उभं राहतं, पण दर महिन्याचे पैसे आणि बाहेरचं पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे घ्यायची सोय) लावलं की प्रत्येक ऑर्डरमागे त्यांचा वेगळा कट, आमची विक्री तीन महिन्यांची. जुमला आणि ड्रुपल माझ्या आवाक्याबाहेरचं वाटलं. राहिलं वर्डप्रेस आणि त्यावर वूकॉमर्स (दुकानासाठीची जोड), तर ते फुकट म्हणतात पण होस्टिंग, थीम (साइटचं रूप), प्लगिन (जादा सोयींच्या जोडण्या), अपडेट हे सगळं आपल्या गळ्यात. बजेट वर्षाला ८-१० हजार. कुणी असा सीझनचा धंदा यावर चालवलाय का? आणि वर्डप्रेस डॉट कॉम आणि डॉट ओआरजी यातलं नक्की कुठलं?

प्रतिसाद १

ताई, सीएमएस नंतर, आधी डोमेनचं बघा. व्हूइजवर (डोमेनची नोंद दाखवणारी सोय) नाव टाकून बघा अजून त्या माणसाच्या नावावर आहे की सुटलंय. सुटलं असेल तर आजच्या आज स्वतःच्या ईमेलवर घ्या, त्याच्याकडेच असेल तर गोड बोलून ट्रान्सफरचा कोड मागून घ्या. डोमेन आणि होस्टिंग शक्यतो दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, एकाशी बिनसलं तरी दुसरं आपल्या हातात राहतं. आणि वेबॅक मशीनवर जुन्या साइटचा पत्ता टाकून बघाच, बरीचशी पानं तिथे साठवलेली असतात.

प्रतिसाद २

डॉट ओआरजीवालं घ्या, म्हणजे सॉफ्टवेअर फुकट आणि होस्टिंग तुमचं. डॉट कॉम ही त्यावर चालणारी तयार सेवा आहे. जगातल्या ४० टक्क्यांहून जास्त साइट वर्डप्रेसवर आहेत, त्यामुळे उद्या कुणी सोडून गेलं तरी कणकवली-कुडाळला सुद्धा दुसरा माणूस मिळेल, तुमच्या बाबतीत मला हीच गोष्ट सगळ्यात मोठी वाटते.

वूकॉमर्सचं मोबाईल अॅप आहे, वहिनी त्यातून भाव आणि स्टॉक बदलू शकतील. पेटी हे एक प्रॉडक्ट, त्याखाली ४ डझनी, ५ डझनी, ६ डझनी असे प्रकार. प्रत्येकाला आकडा दिला की तेवढ्या पेट्या संपल्यावर साइट आपोआप ऑर्डर घेणं थांबवते. पिनकोडप्रमाणे डिलिव्हरीचे भाग ठरवता येतात, म्हणजे जिथे पेटी वेळेत पोचणार नाही तिथली ऑर्डर येतच नाही. होस्टिंगचा पहिल्या वर्षीचा भाव बघून घेऊ नका, रिन्युअलचा बघा, बऱ्याचदा दुप्पट-तिप्पट असतो. पैसे मागणाऱ्या थीम कुठूनतरी फुकट उतरवून लावू नका, त्यातून साइट हॅक होऊ शकते. प्लगिन ७-८ च्या वर नेऊ नका.

प्रतिसाद ३

माझं मत वेगळं आहे. कार्ट (साइटवरच माल निवडून ऑर्डर द्यायची सोय) हवंच का? आमच्या काजूच्या धंद्यात लोक कार्ट भरतात आणि तरी फोन करतातच, 'ताजा आहे ना?' विचारायला. आंब्याला तर जास्तच. वर्डप्रेसच घ्या पण पहिल्या वर्षी फक्त आजचा भाव, तयार पेट्या आणि खाली व्हॉट्सअॅपचं बटण, दाबलं की 'मला ५ डझनी पेटी हवी' असा मेसेज तयारच येईल. पैसे यूपीआयवर. कार्ट पुढच्या वर्षी त्याच साइटवर चढवता येतं, काही मोडायला लागत नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. डोमेन सुटलेलं होतं, काल रात्रीच माझ्या ईमेलवर घेतलं. आणि वेबॅक मशीनवर नानांचं पान सापडलं! फोटो नाहीत पण मजकूर पूर्ण आहे, १९८० च्या आसपास आजोबांनी कातळ फोडून, बाहेरून माती आणून कलमं लावली ते सगळं. नानांना फोनवर वाचून दाखवलं, ते बराच वेळ काही बोललेच नाहीत.

तर वर्डप्रेस नक्की. पहिल्या वर्षी व्हॉट्सअॅपचं बटण, कार्ट नंतर. आता एकच अडकलंय. पत्रकाचा जुना मजकूर छापखान्यातल्या फाइलमध्ये आहे, श्रीलिपीत (मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर), तो वर्डप्रेसमध्ये पेस्ट केला की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात.

प्रतिसाद २

तो युनिकोड (सगळीकडे सारखी दिसणारी अक्षरांची पद्धत) नाहीये म्हणून. कन्व्हर्टरमधून काढा, पण डोळ्यांखालून घातल्याशिवाय चढवू नका, रफार आणि जोडाक्षरं हमखास चुकतात. दोन-चार पानंच असतील तर सरळ नव्याने टाइप केलेलं बरं. 'मुक्त' (Mukta) नावाचा फॉन्ट लावा, फुकट आहे आणि फोनवर स्वच्छ वाचता येतो. मराठी-इंग्रजी दोन्ही हवं असेल तर भाषेचं प्लगिन आत्ता नको, एकाच पानावर वर मराठी खाली इंग्रजी ठेवा, नाहीतर वहिनींना भाव दोनदा बदलायला लागेल.

धागाकर्ती

हे भाव दोनदा बदलायचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आज रात्री टाइप करायला बसते. बॅकअप रोज घ्यावा की आठवड्याने, आणि तो होस्टिंगवरच ठेवला तर चालतो का, तेवढं कुणीतरी सांगा.