मदत हवी आहे : झटक्यानंतर हृदय नीट सैल होत नाही, म्हणजे नेमके काय?

तीन महिन्यांपूर्वी वडिलांना (वय 64) हृदयविकाराचा झटका आला व स्टेंट बसवला. ताज्या टूडी एकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) ईएफ (दर ठोक्याला डाव्या कप्प्यातील किती रक्त बाहेर फेकले जाते ते प्रमाण) 55 टक्के, म्हणजे आकुंचन ठीक आहे, पण ‘ग्रेड 1 डायस्टोलिक डिसफंक्शन’ (दोन ठोक्यांमध्ये हृदय सैल होऊन रक्ताने भरण्यातला सौम्य दोष) असा शेरा आहे. औषधे डॉक्टरांनी तीच ठेवली आहेत. उपचार विचारत नाही. वाचनातून समजले ते असे की, पेशीतील कॅल्शियम पुन्हा साठ्यात ओढण्यासाठी ऊर्जा लागत असल्यामुळे स्नायू सैल होणे हेही (मला वाटले होते तशी विश्रांती नव्हे) कामच आहे, आणि रक्तपुरवठा तुटताच ते मंदावते. पुढे व्रणाच्या तंतूंमुळे भिंत ताठर होते. एकोतील ई/ए गुणोत्तर (कप्पा भरताना सुरुवातीच्या आणि शेवटच्या टप्प्यातील रक्ताच्या वेगांचे) 0.7 आणि ई/ई-प्राइम (सुरुवातीच्या रक्ताच्या वेगाचे झडपेजवळच्या स्नायूच्या हालचालीच्या वेगाशी गुणोत्तर) 9 या आकड्यांवरून मंद सैल होणे आणि ताठरपणा या दोन दोषांतला फरक ओळखता येतो का, की त्यासाठी वेगळी तपासणी लागते?