अनुभव धागा : 'ब्लॅक सॅबथ'चा पहिला अल्बम तुम्ही कुठे ऐकलात?

१३ फेब्रुवारी १९७०, शुक्रवार. ब्रिटिश हेवी मेटल बँडचं नाव 'ब्लॅक सॅबथ', अल्बमचं तेच, पहिल्या गाण्याचंही तेच. एवढा आत्मविश्वास आणायचा कुठून! २०२६ ची १३ फेब्रुवारीही शुक्रवारीच आली आणि जुलै २०२५ मध्ये बँडचा गायक ऑझी ऑस्बोर्न गेल्यानंतरची ही पहिलीच. १६ ऑक्टोबर १९६९ ला लंडनच्या रीजंट साउंड स्टुडिओत चौघांनी जवळजवळ सगळा अल्बम एका दिवसात वाजवून टाकला होता. काल रात्री पुन्हा ऐकला, म्हणून हा धागा. माहिती कमी, अनुभव जास्त लिहा. 'हल्लीच्या मेटलमध्ये दम नाही' हे रडगाणं इथे नको.

कॅसेटकिडा
आमच्या पिढीने सॅबथ आधी दुसऱ्यांच्या हातून ऐकला, मुंबईत धोबीतलावच्या रंगभवनात, 'इंडिपेंडन्स रॉक' या रॉक महोत्सवाला. मूळ अल्बम नंतर मिळाला. मित्राच्या काकांनी अमेरिकेहून आणलेल्या एलपीवरून टेप भरून घेतली. अमेरिकन आवृत्तीत 'ईव्हिल वुमन' नाही, त्याऐवजी 'विकेड वर्ल्ड' आहे. त्यामुळे ब्रिटिश क्रमाने ऐकताना 'ईव्हिल वुमन' लागलं की मला अजून ते उपरं वाटतं. तसंही ते यांचं नाहीच, 'क्रो' नावाच्या अमेरिकन बँडचं आहे.

भोसरीकर
गाण्यातलं मला फार कळत नाही. एमआयडीसीत प्रेसशॉपला होतो. पॉवर प्रेसखाली डाव्या तर्जनीचं टोक गेलं. ड्रेसिंगच्या दिवसांत भाचा म्हणाला, "मामा, एका गिटारवाल्याचंही असंच झालंय." तो सॅबथचा टोनी आयोमी. बर्मिंगहॅमचा पत्र्याचा कारखाना, वय १७, नोकरीचा शेवटचा दिवस. मशीनवरचं नेहमीचं माणूस आलं नाही, म्हणून याला उभं केलं. हे ऐकून मी नको तिथे हसलो, कारण आमच्याकडेही बोट जातं ते बदलीवाल्याचंच.

त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. गडी डावरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. कारखान्याच्या मॅनेजरने त्याला जँगो राइनहार्ट या गिटारवाल्याची रेकॉर्ड ऐकवली. त्या जँगोची दोन बोटं आगीत निकामी झाली होती, तरी वाजवायचा. मग आयोमीने भांडी घासायच्या लिक्विडची प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, वर चामडं चिकटवलं, गिटारला हलक्या तारा लावल्या. हे मात्र मला पुरतं कळतं. जॉब बसत नसेल तर घास, पॅकिंग दे, पुन्हा बसवून बघ. त्यात काही दैवी नाही, टूलरूममध्ये रोज चालतं.

भाच्याने पहिलं गाणं लावलं. पाऊस, घंटा आणि मग ते तीन सूर. लोकांना त्यात सैतान दिसतो म्हणे. मला थर्ड शिफ्ट ऐकू आली. एक स्ट्रोक पडला की दुसरा पडेपर्यंत कान कसे ताणलेले असतात, अगदी तसं.

तीव्र मध्यम
भोसरीकर, दंडवत. एकच भर घालतो. बोटांमुळे आयोमीने तारा उतरवल्या आणि म्हणून हा अल्बम जड वाजतो, असं सर्रास लिहिलं जातं. या अल्बममध्ये तारा नेहमीच्याच सुरात लावलेल्या आहेत. दीड स्वर खाली उतरल्या त्या १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिअॅलिटी'त. इथला जडपणा त्या तीन सुरांतच आहे. पेटीवर काढून बघा : सा, वरचा सा, मग खाली येऊन तीव्र मध्यम. यमनात हाच मध्यम गोड लागतो, कारण भोवती गंधार, निषाद असतात. इथे तो एकटा उघड्यावर सोडलाय आणि तोही संथ लयीत. बाकी बिल वॉर्डचे ड्रम नुसते वेगळे ऐका. पठ्ठ्या जॅझ ऐकत वाढलेला. 'विझर्ड' या गाण्यात तो ठोकत नाही, झुलवतो.

रेडिंगची सासुरवाशीण
मुखपृष्ठावरची काळ्या कपड्यातली बाई आणि तिच्यामागची पाणचक्की आठवते ना? ती मेपलडरमला आहे, थेम्सच्या काठी, आमच्यापासून गाडीने अगदी जवळ. फोटोतली ती आजारी गुलाबी झाक प्रत्यक्षात शोधून सापडत नाही. हिरवळ, बदकं, सहलीला आलेले आजी-आजोबा! आणि चक्की अजून चालते, धान्य दळते. मी पिठाची पिशवी घेतली. नवऱ्याला सॅबथचं सोयरसुतक नाही, पण हेवी मेटलच्या पोळ्या खाणार म्हणून सगळ्या मित्रांना सांगत सुटला. पोळ्या जाडसरच झाल्या. पीठ चाळून घ्यायला हवं होतं.

उगाच विरोध
मारा दगड. 'वॉर्निंग' हे गाणं दहा मिनिटांचं आहे आणि त्यातली निम्मी गिटार मी आजही पुढे ढकलतो. त्याच वर्षी सप्टेंबरात 'पॅरानॉइड' आला, तो खरा अल्बम. हा नुसता सराव.

तीव्र मध्यम
मारला. 'एन.आय.बी.' गाण्याच्या आधीचा गीझर बटलरचा बेस ऐकूनही सराव म्हणता?

उगाच विरोध
बरं, तेवढा बेस सोडून.

भोसरीकर
'वॉर्निंग' पुढे ढकलू नका हो. रात्रपाळीत आमची चहाची सुट्टी दहाच मिनिटांची असायची. बरोबर बसतं त्यात.