मे महिन्यात नऊ वर्षांच्या लॅब्राडॉर कुत्रीला आंजर्ल्याला न्यावं का?

निवांत_कोथरूड

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात चार दिवस कोकणात, दापोलीजवळच्या आंजर्ल्याला जायचं चाललंय. आम्ही दोघं (५९ आणि ५६), सासूबाई (८२) आणि आमची लॅब्राडॉर, वय नऊ, वजन ३४ किलो. पुण्याहून ताम्हिणी, माणगावमार्गे गाडीनेच जाणार. उतरायचं घर किनाऱ्याजवळ आहे, कुत्रीला परवानगी आहे, एका खोलीत एसी आहे. तिला घाटात उलटी होते. मागच्या पायांत थोडी संधिवाताची सुरुवात आहे, त्यामुळे गाडीत उडी मारता येत नाही, आणि आमच्या दोघांच्या कमरा आता तिला उचलायच्या राहिल्या नाहीत. घरी मांजरही आहे. मांजरीला सोबत न्यावं की मागे ठेवावं?

कुत्रीला न्यायचं की नाही हे आधी सांगा. न्यायचंच असेल तर तयारी काय करू?

पाणवठा

निर्णय उन्हाच्या आकड्यावर घेऊ नका, दमटपणावर घ्या. कुत्र्याला घाम जवळपास येतच नाही. धापा टाकून जिभेवरची आणि श्वासमार्गातली ओल वाळते, तेवढीच त्याची थंडाई. हवा आधीच ओलीगच्च असली की ती ओल वाळत नाही. म्हणून पुण्यातल्या कोरड्या ३९ अंशांत सावलीला निभावणारं कुत्रं किनाऱ्यावरच्या ३४ अंशांत कोसळू शकतं.

निघण्याआधी एक गोष्ट मुद्दाम ऐका: तिचं भुंकणं अलीकडे घोगरं झालंय का? श्वास आत घेताना घरघर होते का? पाणी पिताना ठसका लागतो का? वयस्क लॅब्राडॉरांमध्ये स्वरयंत्राच्या स्नायूंना लकवा येणं हा चांगलाच आढळणारा आजार आहे. अशा कुत्र्याला दमट उन्हात धाप लागली की श्वासमार्ग पुरेसा उघडत नाही, आणि धापेनेच अंग आणखी तापतं. यातलं एकही लक्षण असेल तर मे महिन्यात नेऊ नका, डिसेंबरात न्या. शिवाय मादी लॅब्राडॉरला ३४ किलो जास्त आहे. चरबी उष्णता अडकवते आणि सांध्यांवर भार टाकते. पशुवैद्याकडून हृदय, श्वास आणि वजन तपासून घ्या, मगच खोलीचे पैसे भरा.

घसा ठीक असेल तर न्यायला हरकत नाही, पण दिवसाची आखणी तिच्याप्रमाणे करावी लागेल. बाहेर फक्त सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी सहानंतर. मधला सगळा वेळ एसी किंवा पंख्याखाली, फरशीवर. वाळूवर नेण्याआधी हाताची पालथी बाजू पाच सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सोसली नाही तर तिच्या पंजांना फोड येतील. पाणी साधारण किलोमागे ५० ते ६० मिली, म्हणजे दिवसाला दोन लिटरच्या आसपास, उन्हाळ्यात त्याहून थोडं जास्त. शहाळ्याचं पाणी अर्धी वाटी चालेल, पण मूत्रपिंडाचा त्रास असेल तर अजिबात नको, त्यात पोटॅशियम भरपूर असतं.

गुदद्वारातून ताप बघायचा साधा डिजिटल थर्मामीटर आणि व्हॅसलीन जवळ ठेवा. नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. जीभ गडद लाल, लाळ चिकट दोऱ्यासारखी, चाल झोकांड्या खाणारी, किंवा उलटी झाली तर उष्माघात समजा. आधी थंड करा, मग दवाखाना. सावलीत आणून नळाचं पाणी पोट, जांघा, छाती सगळीकडे ओतत राहा आणि पंखा लावा किंवा पुठ्ठ्याने वारा घाला. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, तो थोड्याच वेळात गरम होऊन उष्णता कोंडतो. जबरदस्तीने पाणी पाजू नका, ते फुप्फुसात जाईल. ताप १०३ वर आला की ओतणं थांबवा, नाहीतर अंग गरजेपेक्षा गार पडतं. नंतर ती हुशार दिसली तरी डॉक्टरांना दाखवाच. मूत्रपिंड आणि रक्त गोठण्याचा बिघाड दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उघडा पडतो.

घाटवाट

गाडीचं मी सांगतो.

उचलणं सोडा, फळी करा. १८ मिमी प्लायवूडची, ४० सेंमी रुंद, १६० सेंमी लांब. डिकीची कड ६५ सेंमीवर असेल तर या लांबीला चढ साधारण २४ अंशांचा येतो. संधिवाताच्या कुत्र्याला याहून खडा नको. जागा असेल तर १८० सेंमी करा. एवढी लांब फळी गाडीत मावत नाही म्हणून मधे बिजागरी लावून घडीची करतात. बिजागरी फळीच्या खालच्या बाजूला हवी आणि उघडल्यावर खाली आडवी पट्टी टेकायला हवी, नाहीतर भाराने मधूनच दुमडेल. वर रबरी पायपुसणं किंवा जुना गालिचा चिकटवून कडेला स्टेपल मारा. गुळगुळीत सनमायकावर एकदा पाय घसरला की कुत्रं पुन्हा त्या फळीवर पाय ठेवत नाही. पहिले दोन-तीन दिवस फळी जमिनीवर सपाट ठेवून तिच्यावरून चालवा, मग एका पायरीवर टेकवा, मग गाडीला. निघायच्या दिवशी पहिल्यांदा फळी दाखवली तर काही उपयोग नाही.

बसायची सोय: तुम्ही दोघं पुढे, सासूबाई मागे डाव्या बाजूला, उरलेल्या जागेत ती. पुढच्या आणि मागच्या सीटमधली पोकळी बॅगा ठासून भरा आणि वर घट्ट चादर टाका, म्हणजे ब्रेकला ती खाली कोसळणार नाही. छातीचा हार्नेस घालून तो सीटबेल्टच्या खाचेत अडकवायचा पट्टा मिळतो, तो वापरा. गळपट्ट्याला कधीही बांधू नका, जोराच्या ब्रेकला मानेला झटका बसतो. पुढच्या सीटवर एअरबॅगमुळे नको.

उलटीसाठी: पोटभर जेवण आदल्या रात्री. सकाळी निघायच्या तीन तास आधी मूठभर खाणं, त्यानंतर फक्त पाणी. पूर्ण उपाशी पोटीही पित्ताची उलटी होते. मारोपिटंट नावाची गोळी पशुवैद्य वजनाप्रमाणे लिहून देतात, ती निघण्याच्या किमान दोन तास आधी द्यायची. ताम्हिणीत पोचल्यावर दिली तर फुकट गेली. माणसांची मळमळीची गोळी अंदाजाने देऊ नका. घाटात वेग कमी, वळणावर ब्रेक हळू, मागच्या काचा दोन बोटं उघड्या. डोकं मात्र बाहेर काढू देऊ नका. दर दोन तासांनी दहा-पंधरा मिनिटं थांबा. सासूबाईंनाही तेवढं चालणं गरजेचंच आहे.

जेवायला थांबलात तर एक जण तिच्यासोबत बाहेर सावलीत किंवा एसी चालू असलेल्या गाडीत. बंद गाडी दहा मिनिटांत बाहेरपेक्षा दहा अंश आणि अर्ध्या तासात जवळपास वीस अंश जास्त तापते. काच थोडी उघडी ठेवल्याने फारसा फरक पडत नाही.

परतीला रेल्वेचा विचार मनात आला तर: कुत्रं सोबत डब्यात फक्त फर्स्ट एसीत, तेही पूर्ण केबिन किंवा कूपे तुमच्याकडे असेल तरच. नाहीतर ब्रेकव्हॅनमधल्या पेटीत. मे महिन्यात ती पेटी नकोच.

निवांत_कोथरूड

फार उपयोगी. घसा तपासून घेतोच. किनाऱ्यावर मोकळं सोडता येईल का? आणि मांजराचं काय?

तांबडी_माती

मोकळं सोडू नका. आंजर्ले आणि वेळास ही ऑलिव्ह रिडले कासवांच्या अंड्यांची गावं आहेत. गावकरी अंडी जाळीच्या कुंपणात ठेवून पिल्लं समुद्रात सोडतात, आणि उशिरा घातलेल्या अंड्यांतली पिल्लं मे महिन्यातही निघू शकतात. कुत्रं वाळू उकरतं, पिल्लू तोंडात धरतं. लांब लीश लावा आणि कुंपणापासून दूरच फिरवा.

भरतीच्या रेषेवर पडलेलं काहीही तिच्या तोंडात जाऊ देऊ नका. जाळ्यातून फेकलेल्या माशांत केंड असतो, तो फुगणारा मासा. मेलेल्या केंडाचंही विष कुत्र्याला पुरतं. आमिष लावलेले गळ आणि तंगूस (मासेमारीचा नायलॉन दोरा) पडलेली असते. समुद्राचं पाणी प्यायली तर जुलाब आणि उलट्या होतात, म्हणून किनाऱ्यावर वाटी आणि गोडं पाणी न्या, दर दहा मिनिटांनी पाजा. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुऊन बोटांमधली वाळू आणि कानांतली ओल पुसा. लॅब्राडॉरचे कान लोंबते, ओल राहिली की आठवड्यात वास मारायला लागतात.

परसात दोन गोष्टी बघा. ओल्या काजूबियांच्या सालीत जहाल तेल असतं, चावली तर तोंड भाजतं. आणि आंब्याच्या कोयी. हापूसच्या दिवसांत टोपलीभर कोयी अंगणात पडतात. लॅब्राडॉर कोय चावत नाही, गिळते, आणि ती आतड्यात अडकली की ऑपरेशनच. कोयी झाकणाच्या बादलीत टाका.

चिऱ्यांच्या गडग्यात आणि पालापाचोळ्यात फुरसं असतं, ते रात्री निघतं. कुत्रं हुंगायला जातं आणि नाकावर किंवा पुढच्या पायाला दंश होतो. अंधार पडल्यावर बॅटरीशिवाय आणि आखूड लीशशिवाय अंगणात सोडू नका. दंश झालाच तर बांधणं, कापणं, चोखणं काही करू नका. तिला चालवू नका, कुणाची तरी मदत घेऊन उचलून गाडीत घाला आणि जिथे सर्पविषावरची लस आहे तिथे न्या. म्हणून पोचल्या दिवशीच दापोलीतल्या पशुवैद्यांना फोन करून विचारून ठेवा: लस आहे का, रविवारी कोण भेटतं. १९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा टोल फ्री क्रमांक आहे, पण ती सेवा मुख्यतः गुराढोरांसाठी आहे, त्यावरच विसंबू नका.

गोचीड भरपूर. गोचीडतापाने म्हातारं कुत्रं लवकर खचतं. गोळी निघायच्या किमान दोन-तीन दिवस आधी द्या. तिला आकडी येत असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, या गटातल्या गोळ्या अशा कुत्र्यांना जपून देतात. रेबीज आणि लेप्टोच्या लशी चालू आहेत ना ते बघा.

सायली_फुलपाखरी

मांजर घरीच ठेवा. कुत्र्याला माणसं हवीत, मांजराला जागा हवी. चार दिवस अनोळखी खोलीत ती पलंगाखाली बसून राहील, आणि दार उघडं राहिलं तर बाहेर पळालेली मांजर तुम्हाला त्या गावात सापडणार नाही. शेजाऱ्यांना दिवसातून दोनदा यायला सांगा. शी-शूसाठी एक जास्तीची मातीची पेटी ठेवा, पाण्याची दोन भांडी वेगवेगळ्या खोल्यांत, बाल्कनीचं दार बंद. शेजाऱ्यांना एवढंच ठासून सांगा: एक पूर्ण दिवस काहीच खाल्लं नाही तर फोन करा. लठ्ठ मांजरीने दोन-तीन दिवस अन्न सोडलं तर यकृत बिघडतं. कुत्रीवर परमेथ्रिन या गोचीडनाशकाचा फवारा मारणार असाल तर तो वाळेपर्यंत मांजरीला लांब ठेवा, तिला ते विष आहे.

आता औषधांचं. तिघांच्या वयाकडे पाहता घरात रक्तदाब, साखर आणि गुडघेदुखीच्या गोळ्या असणारच. सहलीला त्या पर्समध्ये, उशाला, खालच्या बॅगेत असतात आणि लॅब्राडॉर पाकिटासकट खाते. एक घट्ट डबा करा आणि तो कपाटाच्या वरच्या खणात ठेवा. आयब्युप्रोफेनने पोटात व्रण होतात आणि मूत्रपिंड जातं. तिचे पाय दुखले म्हणून तुमची दुखण्याची गोळी तिला कदापि नको, तिची पशुवैद्याने दिलेलीच न्या. शुगर-फ्री च्युइंगम आणि मिठायांत झायलिटॉल आहे का ते वेष्टनावर वाचा. ते खाल्ल्यावर कुत्र्याची साखर अर्ध्या तासात कोसळू शकते. मनुका, बेदाणे असलेला शिरा किंवा चिवडा तिच्या समोर नको.

आणि सासूबाईंसाठी: नवं घर, अंधार, आणि संडासच्या वाटेत आडवी झोपलेली काळी किंवा चॉकलेटी कुत्री, यात पडून खुबा मोडतो. तिचं अंथरूण भिंतीला लावून, वाटेच्या विरुद्ध बाजूला घाला. वाटेवर सॉकेटमध्ये लावायचा छोटा दिवा पुण्याहूनच न्या. लीश हातात धरायची ती तुम्ही दोघांनीच, सासूबाईंच्या हातात पाच मिनिटांसाठीही नको.