जमीन नावावर असणे : आधार की धास्ती? (अनुभव धागा)

आमच्या भागात मुलगी द्यायची म्हटली की पहिला प्रश्न अजूनही ‘वावर (शेतजमीन) किती आहे?’ हाच असतो, आणि मुलाने स्वतः शेती करू नये, अशी अटही त्याच घरातून येते. ज्यांच्या नावावर जमीन आहे, होती किंवा असायला हवी होती, त्यांनी स्वतःचा अनुभव लिहावा, म्हणून हा धागा. गावांची आणि माणसांची नावे टाळावीत. गट क्रमांक तर नकोच. सुरुवात माझ्यापासून करतो.

यवतमाळ जिल्ह्यात आमचे चार एकर वावर होते. 2004 साली बहिणीच्या लग्नासाठी वडिलांनी सावकाराकडून 60 हजार रुपये घेतले, कारण सोसायटी पीककर्ज देते, लग्नाला देत नाही. सावकाराने गहाणखताऐवजी खरेदीखत मागितले आणि ‘पैसे फिटले की वावर परत फिरवून देतो’ असा शब्द दिला. ही पद्धत आमच्याकडे इतकी रुळलेली आहे की रजिस्ट्रीच्या आवारातल्या अर्जनवीसालाही तिच्यात काही वावगे वाटले नाही. ताबा आमचाच होता, पेरणी आम्हीच करत होतो. त्यामुळे फेरफाराची (सातबाऱ्यावरचे नाव बदलण्याची) नोटीस आली तेव्हा वडिलांनी मुकाट्याने सही करून दिली. पंधरा दिवसांत हरकत घेता येते हे त्यांना ठाऊक नव्हते असे नाही, पण ज्याने अडीअडचणीला पैसे दिले त्याच्यावर हरकत कोणत्या तोंडाने घ्यायची, असे त्यांना वाटले. पुढे सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून पीककर्ज बंद झाले, विमा बंद झाला, 2008 ची कर्जमाफीही आमच्या दारावरून निघून गेली, आणि बियाण्यासाठी पुन्हा त्याच सावकाराकडे जावे लागले. वावराला लागून डांबरी रस्ता झाला, भाव चढला, तेव्हा मात्र त्याला दिलेला शब्द आठवेना.

सावकारीच्या व्यवहारात गेलेली जमीन चौकशी करून परत देण्याचा अधिकार 2014 च्या सावकारी कायद्याने जिल्हा निबंधकाला दिला आहे. आम्ही अर्ज केला. दिलेल्या व्याजाची पावती एकही नव्हती. होती ती वडिलांची सवय. दरवर्षीच्या दिनदर्शिकेत, दुधाच्या हिशेबाखाली, ‘व्याज 1500, स्वतः नेऊन दिले’ असे ते पेन्सिलीने लिहून ठेवत. नऊ वर्षांच्या दिनदर्शिका आईने धान्याच्या कोठीमागे गुंडाळून ठेवल्या होत्या, त्यांतल्या दोन उंदरांनी खाल्लेल्या. खरेदीखतात लिहिलेली किंमत त्या वर्षीच्या सरकारी दरापेक्षा फारच कमी होती, तेही कामी आले. निकाल आमच्या बाजूने लागला, समोरच्याने अपील केले. पूर्वी तारखेला वडील जात, आता मी जातो.

(पुढचे दोन अनुभव निरनिराळ्या दिवशी आले, एकत्र वाचले जावेत म्हणून शेजारी ठेवले आहेत.)

अमरावती जिल्हा : माझ्या नावावर गुंठाभरही जमीन नाही, म्हणून इथे लिहावे की नाही, असा प्रश्न होता. सहा वर्षांपासून मी पाच एकर ठोक्याने (ठरलेल्या भाड्याने) करते. ठोक्याचे पैसे गुढीपाडव्याला आगाऊ द्यावे लागतात, मग पाऊस पडो की न पडो. एका वर्षी अतिवृष्टीत सोयाबीनला शेंगेतच कोंब फुटले. तलाठी (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे) पंचनाम्याला आले, धुऱ्यावर (बांधावर) मला उभे करून त्यांनी फोटो घेतला, आणि अनुदान मालकांच्या खात्यात जमा झाले. मालक माणूस वाईट नाही; अर्धे पैसे त्यांनी आणून दिले. पण ते त्यांच्या मनात आले म्हणून मिळाले. करार लिहून द्या म्हटले की ते विषय बदलतात.

वर्धा जिल्हा, सध्या नागपूर : विषय बदलणाऱ्यांपैकी मी एक आहे. विदर्भासाठी 1958 साली झालेल्या कुळवहिवाट कायद्यात आजोबांची 11 एकर जमीन कुळाकडे, म्हणजे ती कसणाऱ्याकडे, गेली, आणि ती हकिगत आमच्या घरात दर दिवाळीला सांगितली जाते. त्या कुळाचे ते पोट होते, हे मला आता समजते. भीती तरीही जात नाही. म्हणून उरलेल्या सात एकरांवर दर दोन वर्षांनी माणूस बदलतो. दोन वर्षांसाठी शेणखत कोण टाकणार आणि धुरा कोण बांधणार? वावर डोळ्यांदेखत उतरत चालले आहे. विकायचे तर शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, शेतकऱ्याजवळ पैसा नाही, आणि फोन येतात ते लेआउटवाल्यांचेच (प्लॉट पाडून विकणाऱ्यांचे).

चंद्रपूर जिल्हा : जंगलाला लागून तीन एकर आहेत. रानडुकरे आणि रोही (नीलगाई) यांच्यापायी रात्रभर जागलीवर बसावे लागते, आणि वाघाच्या भीतीने जागलीला आता कोणी येत नाही. सातबारा कोरा आहे, बँकेचा बोजा नाही. वावर पडीत आहे.

वाशिम जिल्हा : वडील गेल्यावर भावांनी हक्कसोडपत्राचा विषय काढला. मुलीला मुलाइतकाच वाटा देणारी वारसा कायद्यातली दुरुस्ती 2005 साली झाली होती आणि मला ती माहीत होती. मी बारावी शिकलेली आहे. रजिस्ट्रीच्या दिवशी मोठ्या भावाने हिरवी साडी आणि पेढ्यांचा पुडा आणला होता. ‘मोबदला न घेता, स्वखुशीने’ ही ओळ वाचूनच मी सही केली, कारण माहेर तुटू द्यायचे नव्हते. पाच वर्षांनी त्याच जमिनीतून समृद्धी महामार्ग गेला. रेडी रेकनरच्या (सरकारी दराच्या) कितीतरी पट मोबदला आला, एकाने वाशिमला घर बांधले, दुसऱ्याने ट्रॅक्टर आणि गाडी घेतली. उरलेले दीड एकर रस्त्याच्या भरावाखाली पाणी साचून चिबडले आहे. मागच्या राखीला धाकटा भाऊ म्हणाला, ‘ताई, ते दीड एकर तुझ्या नावे करून देऊ का?’ मी त्याला अजून उत्तर दिलेले नाही.